गारच आहे ती

आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर, दाराच्या उजव्या अंगाला एक कोनाडा आहे. पूर्वी त्यात कंदील असायचा. वीज आल्यावर कंदील गेला आणि कोनाड्याला काम उरलं नाही. आता त्यात एक दगड आहे. मुठीएवढा, मातकट सालीचा, एका बाजूला टवका उडालेला. टवक्यातून आतला मधासारखा रंग दिसतो, तोही मंदच. पाहुणे विचारतात, हा इथं कशाला ठेवलाय? मी विषय बदलतो. त्या जागी खरं तर दुसराच दगड असायला हवा होता. तो कुठं गेला, हे सांगायचं तर दगडांची पारख करणारी आमच्या घरातली माणसं आधी सांगावी लागतील.

आमचं गाव घोड नदीच्या काठचं, शिरूर तालुक्यातलं. रान काळं, पण दगडाळ. नांगर धरला की दर चार हातांवर फाळ खट्ट वाजतो. बांधावर वेचून टाकलेल्या दगडांचे ढीग पिढ्यान् पिढ्या वाढत आलेले. त्यात बहुतेक काळा खडक. पण मधूनमधून गारगोट्याही असतात. पांढऱ्या, राखी, तांबूस. आमच्याकडं या सगळ्यांना मिळून एकच शब्द, गार. हा एकच शब्द पुढं मला फार उपयोगी पडला, आणि त्याचीच लाज वाटते.

पहिला पारखी माझा आजा. तो चिलीम ओढायचा आणि काडेपेटीला पैसे घालवणं त्याला पटत नसे. त्याच्या बटव्यात पोलादाचा एक तुकडा, शेवरीचा कापूस आणि एक गार असायची. नदीच्या वाळवंटात तो गार शोधत फिरायचा तेव्हा मी मागं असायचो. मी पांढरीशुभ्र चमकणारी गार उचलून द्यायचो. तो ती बघायचाही नाही. म्हणायचा, "ती नुसती चमकती. इस्तू देत न्हाय." दोन टोले मारले की ती चुरा व्हायची, धार धरत नसे. त्याला हवी असायची ती बुळबुळीत, मेणचट, बघवणार नाही अशी. ती फोडली की कडा वस्तऱ्यासारखी निघायची आणि पोलादावर घासली की ठिणग्यांचा पाऊस. आज्याच्या लेखी दगडाची किंमत एवढीच होती, पेटवतो की नाही.

दुसरी पारखी माझी आई. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातून आई आणि चुलती खडी फोडायला गेल्या. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. सुट्टीच्या दिवशी मीही जायचो. उन्हात ओळीनं बसलेल्या बाया, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि सगळ्या माळावर हातोड्यांचा आवाज. ढीग मोजून पैसे मिळायचे. मऊ, भुसभुशीत दगडाची खडी कारकून बाजूला काढायचा. त्या दिवसाचे कष्ट वाया. म्हणून आई प्रत्येक दगड आधी हातोडीनं हलकेच वाजवून बघायची. खणकन वाजला तर ठेवायचा. बद्द वाजला तर आत चीर आहे किंवा दगड कुजलाय, तो ढकलून द्यायचा. मग ती तो हातात फिरवायची आणि एका जागी थांबायची. "दगडाला तोंड असतं," ती म्हणायची. "त्ये गावलं की एका घावात सुटतो. न्हाय गावलं तर तू मर, त्यो तसाच." तिला शाळा नव्हती. पण दगडाचं पोट न उघडता आत काय आहे हे सांगणारं असं माणूस मी पुढं एकच पाहिलं. त्याची हकीकत पुढं येईल.

आता मुख्य गोष्ट. १९८२ साली आण्णांनी विहीर काढायला घेतली. मी तोवर गावच्याच शाळेत मास्तर झालो होतो. काम अंगावर दिलं होतं, एका वडार टोळीला. टोळीच्या म्होरक्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो. सहा परसांवर काळा खडक लागला. मग सुरुंग. पहारीनं भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवून वर पळायचं. एकदा वात विझली असं वाटून मामाचा पुतण्या खाली निघाला, आणि मामानं त्याला केसाला धरून मागं ओढला. पुढच्याच क्षणी बार झाला. त्या रात्री टोळीत कुणी जेवलं नाही. विहिरीच्या पाण्याची किंमत करताना हे कुणी मोजत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

एके दिवशी संध्याकाळी मामा घरी आला. डोक्यावरच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. आण्णा बाजाराला गेले होते. मामा ओसरीवर बसला, फडकं सोडलं आणि माझ्याकडं बघत राहिला. आत नारळाच्या कवडीसारखा खडकाचा तुकडा होता आणि त्या कवडीत, पिसाऱ्यासारख्या पांढऱ्या कळ्यांवर, हिरव्या काचेचे चौकोनी मनोरे उभे होते. एकही मोडलेला नव्हता. सुरुंगानं खडकातली पोकळी उघडी पडली होती आणि त्यानं हातानं, एकट्यानं, अर्धा दिवस मोडून तो तुकडा सोडवला होता. त्याला चटकन फोडून काढता आला असता. पण मग मनोरे राहिले नसते.

मामानं विचारलं, "मास्तर, ह्येचं काय यील का? का गारच हाय?"

मला माहीत होतं. पुण्याच्या आसपासच्या खाणींतून असे खडे गोळा करणारे व्यापारी असतात, ते परदेशी पाठवतात, हे मी वर्षभरापूर्वी एका स्नेह्याकडून ऐकलं होतं. त्यानं मला एक नमुना दाखवलाही होता, याहून फिकट, याहून लहान. तरी मी तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणालो, "गारच आहे ती. असू दे, पोरांना बघायला होईल."

मामानं मान हलवली. "मंग ठिवा तुमच्याकडंच. जमीन तुमची." चहा घेतला आणि गेला.

पुढच्या महिन्यात मी तो तुकडा कापसात गुंडाळून पुण्याला नेला. व्यापाऱ्यानं नऊशे रुपये दिले. मामाची कित्येक महिन्यांची मजुरी मिळून तेवढी झाली असती. घरी मी सांगितलं, शाळेचा थकलेला पगार मिळाला. कोनाडा रिकामा झाला. विहिरीला पाणी लागलं, टोळी गेली.

बावीस वर्षं हे मी कुणाला बोललो नाही. बोलावं असं काही आहे, असंही मला रोज वाटत होतं असं नाही. माणूस स्वतःशी वकिली करतो, तशी मीही केली. जमीन आमची होती. विहीर आमच्या पैशानं निघत होती. मी नसतो तर मामानं तो तुकडा बांधावर टाकला असता. आणि मी खोटं तरी कुठं बोललो? आमच्या बोलीत ती गारच.

मग २००४ च्या हिवाळ्यात पुरातत्त्व शिकणारी एक मुलगी आमच्याकडं राहायला आली. आमच्या तालुक्यातल्या इनामगावचं नाव तुम्ही ऐकलं असेल. घोड नदीच्याच काठी, डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती. त्या लोकांकडं तांबं होतं, पण थोडं. रोजच्या कापण्या-चिरण्याला ते गारगोटीच्या पात्या वापरत. ही मुलगी नदीकाठची रानं पायी पालथी घालून तसला दगड कुठं कुठं मिळतो, त्याची नोंद करत होती. मला काका म्हणायची. निवृत्त माणसाला काम काय? मी तिच्याबरोबर बांधावरून फिरू लागलो.

तिचं दगड पारखणं मी बघत राहिलो आणि मला आई आठवली. ती ढिगातली गार उचलायची, दुसऱ्या दगडानं हलकेच टिचकी मारायची आणि कान द्यायची. खणखणीत वाजली तर पुढचं. मग साल बघायची. सालीवरून आत शिरलेली केसाएवढी रेघ दिसली तरी नको. मग कडेला एक छोटी ढलपी उडवायची, खिडकी उघडावी तशी, आणि तो भाग उन्हात धरायची. आत सगळीकडं एकसारखं, मेणासारखं दिसलं पाहिजे. आत पोकळी असेल, स्फटिकांचे दाणे असतील, रंगाचा पट्टा बदलला की पोतही बदलत असेल, तर घाव तिथंपर्यंत सरळ जातो आणि मग वाट सोडतो. पाती अर्ध्यात मोडते. "काका, फोडणाऱ्याला दगडानं दगा द्यायला नको असतो," ती म्हणाली. "घाव घातला की तो शिंपल्यासारख्या वळणानं, जिथं न्यायचा तिथं गेला पाहिजे."

मी तिला एक सुंदर गार दाखवली, मध्ये स्फटिकांचा गाभा असलेली. तिनं हसून बाजूला ठेवली. "ही दुकानातली. हिची पाती होत नाही." मग तिनं मला ऑब्सिडियनबद्दल सांगितलं. ती ज्वालामुखीची काच. सिलिका जास्त असलेला लाव्हा इतक्या लवकर थंड होतो की स्फटिक धरायला वेळच मिळत नाही, आणि म्हणून तो काचेसारखा फुटतो. त्याची ताजी धार शस्त्रक्रियेच्या पोलादी पात्यापेक्षाही बारीक असते. मेक्सिकोतल्या जुन्या लोकांच्या सुऱ्या त्याच्या असत. अमेरिकेत ओरेगॉनच्या माळांवर आजही हौशी लोक तो वेचतात आणि आपल्यासारखेच वाजवून, फोडून बघतात. काही ऑब्सिडियनमध्ये बर्फाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतात. दागिने करणारा त्या ठिपक्यांसाठीच तो दगड घेतो आणि पाती काढणारा बहुधा त्याच ठिपक्यांसाठी फेकतो, कारण ते ठिपके म्हणजे काचेत धरलेले स्फटिक; घाव तिथं अडखळतो. आपल्या दख्खनचा लाव्हा वेगळा, सिलिका कमी, पातळ, दूरवर वाहत गेलेला. त्याचा झाला काळा खडक. पण त्या खडकातल्या वायूच्या बुडबुड्यांत नंतर सिलिकाचं पाणी झिरपलं आणि गारगोट्या झाल्या. इतर क्षार झिरपले तिथं ते पांढरे, हिरवे मनोरे झाले. स्टिल्बाइट, अपोफिलाइट. तिनं ही नावं घेतली तेव्हा मी खाली बघत होतो.

एक दिवस तिनं कोनाड्यातला तो मधाच्या रंगाचा दगड निवडला, एक टवका काढून बघितला आणि म्हणाली, "आजवरचा सगळ्यात चांगला. पण मी फोडणार नाही, तुम्हीच ठेवा. माझा हात अजून एवढा बसलेला नाही. घाव चुकला तर जोडता येत नाही." जुन्या वस्तीवरच्या पात्या मात्र ती कधी उचलत नसे. जागेवर ठेवूनच नोंद करायची. विचारलं तर म्हणाली, उचलली की ती नुसती पाती राहते. ती कुणाची, कुठली, कशाशेजारी पडली होती, हे सगळं निघून जातं.

ती गेल्यावर मी त्या कोनाड्यासमोर बरेच दिवस बसलो. दगडाची किंमत दगडात असते का? आज्यासाठी ती ठिणगीत होती, आईसाठी आवाजात, या मुलीसाठी पोतात, व्यापाऱ्यासाठी हिरव्या रंगात. एकाचा हिरा तो दुसऱ्याचा अडथळा. म्हणजे दगडात गुण असतात, पण किंमत बघणाऱ्याबरोबर येते. इथवर आलो की मन लगेच पुढं सरकायचं: मग मामाच्या हातात तो तुकडा बिनकिमतीचाच होता, किंमत माझ्या माहितीनं आली, मग पैसे माझेच.

पण हे गणित कुठंतरी बद्द वाजत होतं. म्हणून मी ते आईसारखं फिरवून फिरवून बघितलं.

माहितीवर पोट भरणं यात पाप नाही. व्यापारी तेच करतो. त्यानं मला नऊशे दिले आणि पुढं किती घेतले, देव जाणे. तरी मला त्याचा राग येत नाही. का येत नाही? कारण मी त्याला विचारलं नव्हतं. मी विकायला गेलो होतो, तो घ्यायला बसला होता, दोघंही आपापल्या बाजूनं सावध होतो. मामा विकायला आला नव्हता. तो विचारायला आला होता. त्याला डोळे होते. हे मोडू नये एवढं त्याला कळलं होतं, म्हणून तर अर्धा दिवस घालवला. त्याला फक्त बाजार ठाऊक नव्हता. तेवढ्यापुरते त्यानं माझे डोळे उसने मागितले. मी त्याचे म्हणून दिले आणि माझ्यासाठी बघितलं.

शब्दाचंही तसंच. "गार" म्हणजे खोटं नव्हतं. पण मामानं "का गारच हाय?" असं विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ होता "काही किमतीचं नाही". मी त्याला त्याच्या अर्थानं उत्तर दिलं आणि स्वतःला दुसऱ्या अर्थानं समजावलं.

जमिनीच्या हक्काचं म्हणाल, तर माझा एक जुना विद्यार्थी शिरूरला वकिली करतो. त्याला मी आडवळणानं विचारलं. तो म्हणाला, १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा आहे. त्यात पुरलेलं धन सापडलं, मूळ मालक मिळाला नाही आणि आपसात काही ठरलेलं नसलं, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से, जागेच्या मालकाला एक. "पण गुरुजी, तो कायदा कुणीतरी दडवून ठेवलेल्या धनाचा. निसर्गानं खडकात घडवलेल्या खड्याला तो कसा लावणार?" मला तो लावायचा नव्हताच. मला एवढंच दिसलं की इंग्रजांच्या अमलातही कुणीतरी बसून विचार केला होता, आणि जमीनमालकापेक्षा सापडवणाऱ्याच्या पारड्यात जास्त टाकलं होतं. मी तर चौथा हिस्साही मामाकडं सरकवला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मी शोध घेतला. मामा वारला होता. त्याची लेक दौंडच्या बाजूला एका वस्तीवर राहते असं कळलं. मी गेलो. दुपारची वेळ, ती शेळ्यांना पाला टाकत होती. नाव-गाव सांगितलं तर म्हणाली, "आण्णांची इहीर? जिथं हिरवं फूल लागलं हुतं?"

माझ्या तोंडाला कोरड पडली. ती सांगत होती. बाप नेहमी सांगायचा त्या हिरव्या फुलाबद्दल. कुणीतरी त्याला म्हणालं होतं, लेका, त्याचे पैसे येतात, तुला फसवलं. तर बाप त्या माणसावर चिडला होता. "म्हनायचा, मास्तर कशाला खोटं बोलंल? पोरांना शिकीवतो त्यो."

मी तिथंच सांगून टाकलं. नऊशे रुपये, व्यापारी, सगळं. सोबत नेलेलं पाकीट पुढं केलं. नऊशेचे बावीस वर्षांत काय झाले असते, याचा बँकेच्या व्याजानं हिशेब करून रक्कम घातली होती. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा शिव्या घालील, किंवा नको म्हणेल आणि माझी सुटका होईल. तिनं यातलं काही केलं नाही. हातातला पाला खाली ठेवला, लुगड्याला हात पुसले आणि पाकीट घेतलं.

"आमचंच हाय म्हणता, तर द्या," ती म्हणाली. नोटा मोजल्या. मग थोड्या वेळानं, "पर त्येंला सांगाया पायजे हुतं. त्ये शेवटपर्यंत भांडलं तुमच्यासाठी."

तिनं पाणी दिलं. मी पिऊन निघालो.

आता गावात कुणाला विहिरीत, बोअरच्या गाळात, नांगराच्या फाळाला काही लागलं की पोरं माझ्याकडं घेऊन येतात. मी वाजवून बघतो, उन्हात धरतो. जे माहीत आहे ते सांगतो, कुणाला विकलं तर फसण्याची शक्यता किती तेही सांगतो. जे कळत नाही ते कळत नाही म्हणतो. परवा एक पोरगं पांढऱ्या कळ्यांचा तुकडा घेऊन आलं आणि विचारलं, "गुरुजी, गारच ना ही?" मी त्याला ओसरीवर बसवलं आणि म्हटलं, "बस. एवढ्या एका शब्दात सांगता येणार नाही."